सहकाऱ्याच्या वर्गात, मागच्या बाकावर

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. आम्ही एकूण सात शिक्षक आहोत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत यंदा असे ठरले की, प्रत्येक शाळेत शिक्षकांच्या जोड्या लावाव्यात, जोडीदारांनी एकमेकांचे तास पाहावेत, महिन्यातून एक तास दोघांनी मिळून घ्यावा आणि निरीक्षणाचा तक्ता मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे पाठवावा. माझी जोडी पाचवीच्या वर्गशिक्षकांशी लागली आहे. ते सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी सेवाज्येष्ठ आहेत आणि त्यांचीच मुले पुढच्या वर्षी माझ्याकडे येतात. ते माझ्या तक्त्यावर दर वेळी ‘छान’ लिहितात आणि मीही त्यांच्या तक्त्यावर तेच लिहिते. एकदा मात्र मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘‘मॅडमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.’’ सगळे हसले. मला ते लागले. दुसरीकडे, सर अपूर्णांकांची बेरीज ‘तिरका गुणाकार करा, खाली छेदांचा गुणाकार लिहा’ एवढ्या नियमावर शिकवतात. मुले पाचवीत पटापट उत्तरे काढतात आणि सहावीत माझ्याकडे आली की १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहितात. हे त्यांना कसे सांगावे, हे मला कळत नाही. मिळून घ्यायच्या तासाचे तर असे झाले आहे की, सर शिकवतात आणि मी वह्या तपासत फिरते. ज्येष्ठ सहकाऱ्याला अभिप्राय कसा द्यावा? की हे सगळे थांबवण्याची विनंती करावी?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा सगळा भार ‘कसे सांगावे’ या प्रश्नावर आहे. माझे मत असे की, निदान या वर्षी तुम्ही सरांना त्यांच्या शिकवण्याविषयी काहीही सांगू नये आणि तरीही जोडी मोडू नये. जोडीने करण्याचे खरे काम अभिप्राय देण्याच्या आधी असते. ते तुमच्या शाळेत अजून सुरूच झालेले नाही, म्हणून अभिप्रायाचा प्रश्न इतका जड झाला आहे.

आधी त्या ‘छान’विषयी. तुम्हाला तो शेरा पोकळ वाटतो, मला तो समंजसपणाचा वाटतो. आपल्या सेवेत कागदावर उतरलेल्या वाक्याला पाय फुटतात. टाचणवहीवरची सही, शेरेबुकातली नोंद, गोपनीय अहवाल, बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी (जिला जुनी मंडळी अजूनही आयोगाच्या नावावरून ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात), चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, या सगळ्यांचा प्रवास कागदावरूनच होतो. जो तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावरून केंद्रप्रमुखांच्या फायलीत जाणार आहे, त्यावर ‘मुलांना संकल्पना कळली नाही’ असे सहकाऱ्याबद्दल लिहिणारा माणूस एकतर फार भाबडा असतो किंवा त्याचा काही हिशेब चुकता करायचा असतो. सरांनी ‘छान’ लिहून तुम्हाला सांभाळले आणि तुम्ही त्यांना सांभाळले. यात दोघांचाही दोष नाही, दोष त्या तक्त्याच्या वाटेत आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आवाजावरच्या त्या वाक्याचे मूळ मात्र वेगळे आहे. डी.एड. किंवा बी.एड. करताना आपण सर्वांनी सहाध्यायांच्या सराव पाठांची निरीक्षणे लिहिली आहेत. ‘फलकलेखन सुवाच्य होते’, ‘प्रास्ताविक विषयाला पूरक होते’, ‘आवाजात चढउतार हवा होता’ ही वाक्ये अनेकदा पाठ संपण्याआधीच लिहून झालेली असत, कारण पुढच्या वर्गात दुसरा पाठ सुरू होणार असे. त्याच वर्षात सांघिक अध्यापनाचाही, म्हणजे मिळून शिकवण्याचाही, एखादा पाठ उरकलेला असे. त्या वह्यांनी आपल्या नजरेला एक कायमचे वळण लावले. दुसऱ्याचा तास पाहणे म्हणजे फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणे, त्याचा आवाज, हालचाल, साहित्य, फळा न्याहाळणे, असे आपण धरून चालतो. नोकरी लागल्यावर तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांखेरीज आपला तास कोणी पाहतच नाही आणि तेही याच गोष्टी पाहतात. सर तुमच्या वर्गात बसले तेव्हा त्यांनी त्यांना शिकवलेले तेच केले. ते चारचौघांत बोलायला नको होते, हे खरे. पण त्या वाक्यात कुरघोडी असलीच पाहिजे, असे मला तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

अभिप्राय दिला की माणूस सुधारतो, हा समज प्रशिक्षणांतून आपल्या मनावर इतका ठसवला गेला आहे की, त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरील तोवरचे संशोधन एकत्र करून ६०७ परिणामांची मोजदाद केली. सरासरीने पाहता अभिप्रायामुळे काम सुधारत होते, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते चक्क बिघडले होते. त्यांनी याची जी फोड केली आहे, ती तुमच्या मधल्या सुट्टीतल्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडते. अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळले, म्हणजे ‘मी कशी आहे, लोक मला काय समजतात’ याकडे गेले की त्याचा गुण कमी होत जातो. त्या वाक्यानंतर तुमच्या मनात मागच्या बाकावरची मुले राहिली असतील, असे मला वाटत नाही.

याहून नेमकी गोष्ट ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांची आहे. शिक्षकांनी एकमेकांच्या साहाय्याने नवी पद्धत वर्गात रुजवावी, ही कल्पना १९८०च्या दशकात ज्यांनी मांडली आणि पसरवली, त्यांत हे दोघे अग्रभागी होते. त्यांच्या मूळ मांडणीत तास पाहून तोंडी अभिप्राय देण्याला जागा होती. १९९६ मध्ये त्यांनी लिहिले की, हा भाग आम्ही आता काढून टाकला आहे, कारण शिक्षक एकमेकांना अभिप्राय देऊ लागले की त्यांचे बोलणे नकळत मूल्यमापनाकडे झुकते आणि मिळून काम करण्याची वीणच उसवते. त्याऐवजी त्यांनी एकत्र तयारीवर भर दिला आणि भूमिकाही उलट्या केल्या. जो शिकवतो तो मार्गदर्शक आणि जो पाहतो तो शिकणारा. आपल्याकडच्या ज्येष्ठ-कनिष्ठ नात्यात ही उलटापालट फार सोयीची आहे. सरांच्या वर्गात तुम्ही शिकायला बसलात तर कोणाच्याच मानाला धक्का लागत नाही, आणि सर तुमच्या वर्गात शिकायला बसले तर त्यांना ‘छान’ लिहिण्याची गरजही उरत नाही. पंधरा वर्षे अधिक शिकवलेल्या माणसाकडून घेण्यासारखे खरोखर काही असते, हे वेगळे सांगायला नको. वर्गाला शांत करण्यासाठी ते काय करतात, कोणत्या मुलाला कधी प्रश्न विचारत नाहीत आणि का विचारत नाहीत, गृहपाठ न आणणाऱ्या मुलाच्या घरची त्यांना किती माहिती आहे, हे कोणत्याही प्रशिक्षणात मिळणार नाही.

आता अपूर्णांकांकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. पाचवीत उत्तर बरोबर येते आणि सहावीत तीच मुले २/५ लिहितात, हे तुम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर घडते, फक्त अर्धे त्यांच्यासमोर आणि अर्धे तुमच्यासमोर. सरांनी आपल्या मुलांना सहावीत कधी पाहिलेले नाही. तेव्हा ‘सर, तुमच्या नियमामुळे मुले गोंधळतात’ असे म्हणू नका. ते म्हणणे पुरते खरेही नाही, कारण तो नियम चुकीचा नाही आणि तो नीट लक्षात राहिला असता तर २/५ आलेच नसते. त्याऐवजी सहावीतल्या दहाएक वह्या घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, ‘‘सर, ही मुले गेल्या वर्षी तुमच्याकडे बरोबर करत होती. आता अशी उत्तरे लिहितात. मधे काय होत असेल? आपण या एका घटकाचा तास दोघांनी मिळून बसवू या का?’’ हा प्रश्न खरा आहे, त्याचे उत्तर तुम्हालाही पूर्ण ठाऊक नाही, आणि ज्येष्ठ माणसाला विचारण्यासारखा तो आहे.

तास बसवायला साधारण दोन बैठका लागतील, शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तासाच्या. पहिल्या बैठकीत पाठ्यपुस्तकातले प्रकरण दोघांनी शेजारी बसून वाचा, पाचवीचेही आणि सहावीचेही. पुस्तकाने कोणते उदाहरण आधी घेतले आहे आणि का, याची चर्चा करा. मग मुले काय काय उत्तरे देतील, याची यादी करा. माझा आग्रह याच कामासाठी आहे, कारण मुलांची उत्तरे आधी ओळखताना दोन शिक्षकांचे सगळे मतभेद आपोआप बाहेर येतात आणि त्यात कोणी कोणाला बोललेले नसते. १/२ + १/३ याचे २/५ येईल, कोणी छेदांचा गुणाकार करून वर दोनच ठेवील आणि २/६ लिहील, काहींचे ५/६ येईल, एखादे मूल १०/१२ म्हणेल. यांतले कोणते उत्तर कोणत्या विचारातून येते, हे सर कसे सांगतात ते ऐका. मुलांच्या चुकांचा साठा त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा मोठा असणार.

माझ्या मनातला तास असा आहे. चौकटीच्या वहीतली बारा चौकटींची पट्टी प्रत्येकाला कापून द्या. आकडेमोड सुरू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : १/२ आणि १/३ मिळवले तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे असेल की लहान? अर्ध्यात काहीतरी मिळवले आहे, तेव्हा उत्तर अर्ध्यापेक्षा मोठेच हवे, हे बहुतेक मुले सांगतील. नंतर ज्यांचे उत्तर २/५ येईल, त्यांना पट्टीवर विचार करायला लावा. बारा चौकटींचे दोन पंचमांश म्हणजे पाच चौकटीही पुऱ्या होत नाहीत, आणि अर्धे तर सहा चौकटींचे आहे. आपले उत्तर स्वतःच नाकारण्याची ही संधी मुलांना नियमातून मिळत नाही. मग पट्टीवर सहा आणि चार मिळून दहा चौकटी रंगवल्या की १०/१२ येते, आणि सरांच्या तिरक्या गुणाकाराने ५/६ येते. ही दोन उत्तरे एकच आहेत का, हा वर्गाचा दुसरा प्रश्न. त्यानंतर १/४ + १/६ द्या. पट्टीवर तीन आणि दोन मिळून पाच चौकटी, म्हणजे ५/१२. तिरक्या गुणाकाराने मात्र १०/२४. या वेळी नेमके उलटे झाले, मोठे आकडे नियमाकडे आले. हे मुलांच्या लक्षात आले की समच्छेद करणे म्हणजे काय आणि लसावि कशासाठी काढायचा, हे शिकवण्याची जागा तयार होते. या तासात सरांचा नियमही आहे आणि तुमची पट्टीही आहे, दोन्ही एकमेकांना तपासतात, आणि कोणाची पद्धत बरोबर हा प्रश्न फळ्यावर यावा लागत नाही. तुम्हाला याहून चांगला तास सुचेल, तो जरूर घ्या. फक्त तो दोघांना मिळून सुचलेला असावा.

हा तास एकाने घ्यावा आणि दुसऱ्याने पाहावा. मी असतो तर सरांना आधी घ्यायला सांगितला नसता, तुमच्या सहावीत तुम्हीच घ्या. तास दोघांचा आहे, त्यामुळे तो फसला तर दोघांचा बेत फसला, तुमचे अध्यापन नव्हे. जपानमध्ये प्राथमिक शाळांतले शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या अशा रीतीने एखादा पाठ मिळून बसवतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे भिंतीलगत उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर त्या पाठावर बोलतात. तिथे याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. १९९५च्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासात जपान, जर्मनी आणि अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या तासांचे चित्रण झाले, त्यानंतर बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्यांची सगळी व्यवस्था आपल्या सात शिक्षकांच्या शाळेत आणता येणार नाही, आणण्याचे कारणही नाही. पण तास पाहणाऱ्याची पाठ फळ्याकडे असली तरी चालते, ही त्यांच्याकडची एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

तेव्हा सरांना खुर्ची मागे भिंतीशी ठेवू नका. आधी ठरवलेल्या चार मुलांच्या शेजारी त्यांना बसवा. चारांत एक पटकन उत्तर देणारे असावे, दोन मधली आणि एक असे, की जे सहसा बोलतच नाही. सरांनी मुलांना मदत करायची नाही, मान हलवायची नाही, आणि अनुभवी शिक्षकाला हे फार अवघड जाते, म्हणून त्याची आठवण तासाआधी एकदा हसत करून द्यावी. वहीत डावीकडे वेळ आणि उजवीकडे मुलाने जे केले किंवा म्हटले ते जसेच्या तसे लिहायचे. ‘१/३ साठी तीन चौकटी रंगवल्या, शेजाऱ्याचे पाहून खोडल्या, मग चार रंगवल्या’ अशी नोंद उपयोगाची. ‘मुले गोंधळली’ ही नोंद उपयोगाची नाही, कारण त्यात पाहणाऱ्याचा निवाडा आहे, मुलाची कृती नाही. तुमचा आवाज मागे पोचत नसेल, तर तेही याच वहीत वेगळ्या रूपात येईल : सूचना दिल्यानंतर मागच्या मुलाने शेजाऱ्याला विचारले, ‘काय करायचंय?’ हे वाचून तुम्ही स्वतःच आवाज चढवाल किंवा सूचना फळ्यावर लिहाल, आणि कोणी हसणार नाही.

तासानंतरचे बोलणे त्याच दिवशी, दोघांतच आणि रिकाम्या वर्गात व्हावे, शिक्षकांच्या खोलीत नव्हे. ज्याने शिकवले त्याने आधी बोलावे. मग चार मुलांच्या वह्या मधे ठेवून पाहणाऱ्याने आपल्या नोंदी वाचून दाखवाव्यात. ‘तुम्ही’ने सुरू होणारी वाक्ये या अर्ध्या तासात टाळली, तर पुष्कळसे काम झाले. शेवटी पुढच्या वेळी या तासात काय बदलायचे, ते एका ओळीत लिहून ठेवा आणि जमल्यास बदललेला तास सरांनी त्यांच्या पाचवीत घ्यावा. तेव्हा शिकायला तुम्ही बसाल. पाचवीतली मुले तो नियम कसा ऐकतात, हे तुम्हीही अजून पाहिलेले नाही, आणि तुमच्या मनातल्या तक्रारीपैकी काही तिथे गळून पडेल, अशी मला दाट शंका आहे.

मिळून घ्यायच्या तासात सर बोलतात आणि तुम्ही वह्या तपासता, याचे कारण बहुधा सरांचा स्वभाव नसावा. तासाचा बेत एकाचाच असेल तर दुसऱ्याला वर्गात करण्यासारखे काही उरत नाही आणि तो आपसूक वह्यांकडे वळतो. बेत दोघांचा झाला की वाटणी करता येते. सर्वांत सोपी वाटणी म्हणजे वर्गाचे दोन भाग करून दोघांनी एकाच वेळी तोच तास घेणे, एक खोलीत आणि एक व्हरांड्यात. पटसंख्या तीसच्या आसपास असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मुले येतात आणि एरवी तोंड न उघडणारे मूलही बोलते. माझ्या विशेष आवडीची दुसरी रीत अशी की, एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने मुलांच्या बाजूने शंका काढावी. फळ्यावर १/२ + १/३ लिहिल्यावर तुम्ही मुलांत बसून म्हणायचे, ‘‘सर, मी वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, माझे २/५ आले. माझे काय चुकले?’’ दोन मोठी माणसे एखाद्या गणितावर शांतपणे वाद घालताना आपल्या मुलांना क्वचितच दिसतात. मात्र हे आधी ठरलेले असावे. न ठरवता वर्गात सहकाऱ्याची चूक दुरुस्त करणे, मग ती खरोखरची चूक का असेना, जोडी मोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वेळेचा प्रश्न तुम्ही पत्रात मांडलेला नाही, पण तो येणारच. तुम्ही सरांच्या वर्गात बसलात तर तुमच्या सातवीकडे कोण पाहणार? महिन्यातून एक तास सहावी-सातवी एकत्र बसवून मुख्याध्यापकांनी किंवा भाषेच्या शिक्षकांनी वाचन घ्यावे, एवढी तडजोड कोणत्याही शाळेला परवडते. मोबाइलवर तासाचे चित्रण करून नंतर पाहण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. तिची हरकत नाही, पण कॅमेरा शिक्षकाकडे तोंड करून उभा राहतो आणि मुलांच्या वहीत काय चालले आहे ते त्यात दिसत नाही. शिवाय ते चित्रण केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह कोणाला तरी होतोच. मुलांचे चेहरे असलेले काहीही तिथे जाऊ नये. तयारीच्या बैठका शाळा सुटल्यावर का घ्यायच्या, असे कोणी विचारले तर शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीकडे बोट दाखवा. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास तिथे सांगितले आहेत, ते अध्यापन आणि तयारी मिळून आहेत. तयारी हा कामाचाच भाग आहे, हे त्या कायद्याने मान्य केले आहे, आपण ते विसरलो आहोत इतकेच.

आता तो तक्ता. मुख्याध्यापकांशी या विषयावर तुम्ही एकटीने बोलू नये, सरांना बरोबर घेऊन बोला. तुमची मागणी एवढीच असावी की, वर पाठवायच्या कागदावर दिनांक, इयत्ता, घटक, दोघांनी मिळून कोणता प्रश्न हाती घेतला आणि पुढच्या तासात काय बदलणार, एवढेच असावे. कोणी कसे शिकवले, याचा रकाना त्यात नको. नोंदींची वही तुम्हा दोघांची आणि ती कपाटातच राहील. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना तास पाहण्याचा व त्यावर मत नोंदवण्याचा अधिकार आहेच, तो त्यांनी स्वतः वर्गात येऊन वापरावा. एका शिक्षकाच्या हातून दुसऱ्या शिक्षकाचे मूल्यमापन करून घेतले, तर दोन्ही कामे बिघडतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास करावा, अशी अपेक्षा ठेवली आहे आणि सध्या ते तास पुष्कळसे ऑनलाइन प्रशिक्षणांत नि प्रमाणपत्रांत मोजले जातात. मिळून तास बसवण्याचे काम या तासांत धरले जावे, असा विषय शिक्षण परिषदेत मांडायला हरकत नाही. त्यासाठी तुमच्या दोन-तीन तासांच्या मुलांच्या वह्या, नावे झाकून, तिथे दाखवा. आकड्यांचे तक्ते पाहून कंटाळलेली मंडळी मुलांच्या चुका मात्र आवडीने पाहतात. मुख्याध्यापक ऐकले नाहीत, तर तक्त्यावर ‘छान’ लिहीत राहा आणि वही वेगळी ठेवा. यात मला काही अप्रामाणिक वाटत नाही.

सरांनी मिळून तास बसवायला सरळ नकार दिला तर? तसे होऊ शकते. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला हे सगळे नवे खूळ वाटले, तर त्यांना तसे वाटण्याचा हक्क आहे. मग जोडी बदलून घ्या, आणि गणिताचाच शिक्षक हवा असा हट्ट धरू नका. भाषा शिकवणारा सहकारी गणिताच्या तासाला बसला की त्याचे लक्ष गणिताच्या रीतीवर जात नाही, मुलांवर जाते, आणि शाब्दिक उदाहरणात मुले नेमक्या कोणत्या शब्दापाशी अडतात हे त्याला तुमच्याआधी दिसते.

‘सांगू नये’ या माझ्या सल्ल्याला एक अपवाद आहे आणि तो स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. सहकाऱ्याच्या वर्गात मुलाला मार बसताना किंवा त्याचा अपमान होताना, त्याची जात, घर किंवा व्यंग यांवरून बोलले जाताना दिसले, तर तिथे नोंदी, वह्या आणि शांत चर्चा यांचा काही संबंध नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. त्याच दिवशी त्या सहकाऱ्याशी समोरासमोर बोलावे आणि ते थांबले नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे, मग समोरची व्यक्ती कितीही सेवाज्येष्ठ असो. तुमच्या पत्रात असे काही नाही. तुमच्या पत्रात एक नियम, एक पट्टी आणि मधल्या सुट्टीतले एक वाक्य आहे. तेव्हा सहावीच्या त्या दहा वह्या निवडायला या शनिवारीच बसा आणि त्यांत बरोबर उत्तरांच्याही तीन-चार ठेवा. सरांना दाखवताना त्याच आधी वर असू द्या.